पेशकारांच्या घरून परत आलेलं तूप

लाचेवर बोलायचा मला चांगला अधिकार आहे. मी कधी कचेरीत नोकरी केली नाही, कुणाचा कागद अडवला नाही. पण निजामाच्या अमदानीतली शेवटची दहा-बारा वर्षं गंगाखेडच्या तहसील कचेरीत जी लाच गेली, तिच्यातली निम्मीशिम्मी माझ्या दुकानातून गेली. मी तूप विकत होते.

संपादकसाहेबांचं पत्र आलं की ‘पैसा, गुंतवणूक आणि भ्रष्टाचार याविषयी आपले अनुभव कळवावेत’. पत्र मी स्वतः वाचलं, हे आधी सांगते. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. पुड्या बांधायला रद्दी यायची, तिच्यावर बोट फिरवत फिरवत अक्षरं शिकले. त्यामुळं प्रत्येक बातमी निम्म्यावर फाटलेलीच असते, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. तर लिहिताना मीही कुठं मधेच फाटले तर सांभाळून घ्या.

आमचं दुकान कचेरीच्या रस्त्याला. दुकान म्हणजे काय, पुढं ओटा, मागं चूल आणि चुलीवर पितळेचं पातेलं. आसपासच्या गावांतल्या बाया लोणी घेऊन यायच्या आणि मी ते कढवायची. बाहेरच्याला वाटतं, लोणी विस्तवावर ठेवलं की झालं तूप. तसं असतं तर सगळ्यांचीच दुकानं चालली असती. लोणी आणणारी बाई इमानदार असली तरी लोण्यात ताक असतंच, आणि नसली तर उकडलेलं रताळं असतं. म्हणून आधी बोटानं दाबून बघायचं. मग मंद आचेवर ठेवायचं आणि कान देऊन बसायचं. होय, तूप कानानं होतं. तडतड चालू आहे तोवर आत पाणी आहे. तडतड थांबली, तळाची बेरी बदामी झाली, की त्याच घडीला पातेलं खाली. आधी उतरवलं तर पंधरा दिवसांत खवट, उशीर केला तर जळकट. शेवटाला एक विड्याचं पान टाकायचं. गिऱ्हाइकाला शंका आली तर त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला थेंबभर चोळून दाखवायचं. चांगलं तूप जिरतं. करडीचं तेल मिसळलेलं असलं तर हात चिकट राहतो आणि दुकानदाराचं तोंड उतरतं. माझं तोंड कधी उतरलं नाही.

तयार तूप पाच शेरांच्या पत्र्याच्या डब्यात भरायचं, झाकणावर फडकं, फडक्यावर सुतळी आणि सुतळीला सासूबाईंनी शिकवलेली गाठ. ती गाठ एकदा मारली की सुरीशिवाय सुटत नाही. कुणी मधे हात घातला तर लगेच कळतं.

गिऱ्हाईक ओट्यापाशी आलं की मी पहिली गोष्ट विचारायची, “खायचं का द्यायचं?”

खाणारा माणूस तीनदा चव बघायचा, भाव करायचा, वर बेरी मागून घ्यायचा. देणारा माणूस डबा उघडायचासुद्धा नाही. भाव करायचा नाही. फक्त म्हणायचा, “आक्का, डबा जरा चकचकीत बघून द्या.” तूप कसं आहे याची त्याला पर्वाच नव्हती, कारण ते त्याच्या लेकराच्या भातावर पडणार नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, लाच तुपात का? रोख का नाही? त्याचं असं आहे की रुपये हातात ठेवले तर देणाऱ्यालाही चोरासारखं वाटतं आणि घेणाऱ्यालाही. तूप दिलं की ते ‘घरच्या म्हशीचं, लेकरांसाठी’ होतं. दोघांचीही मान ताठ. एक शेतकरी तर साहेबाच्या घरी डबा देऊन वर जेवूनही आला होता. त्याला मी विचारलं, “काम झालं का?” तर म्हणाला, “काम न्हाई झालं, पण वरण लय चांगलं होतं, आक्का.”

आमच्या कचेरीतला बहुतेक डबा पेशकारांच्या घरी जायचा. तहसीलदार साहेब मोठे, पण त्यांच्यापुढं कागद ठेवायचे ते पेशकारांनी. कुठला वर ठेवायचा, कुठला तळाला, हे सगळं त्यांच्या हातात. दिगंबरराव त्यांचं नाव. बोलायला इतके गोड की कागद तळाला गेलेला माणूसही त्यांना नमस्कार करून जायचा.

एके दिवशी दिगंबररावांच्या मंडळी, मथुराबाई, स्वतः मागच्या दारानं माझ्याकडं आल्या. सोबत मोलकरीण आणि मोलकरणीच्या डोक्यावर डबा.

“आक्का, घरात तूप जरा जास्ती झालंय. घेता का?”

मी डबा बघितला. गाठ माझीच. सुतळी माझीच. परवाच विकलेला.

“माई, हे तर न उघडलेलंच हाय की.”

“काय करू, यांना तूप पचतच न्हाई. एक चमचा खाल्लं की पित्त होतं.”

मला हसू आवरेना. अख्खा तालुका ज्या माणसाला तुपानं न्हाऊ घालत होता, तो घरी ताकभात खात होता! मी पाऊण किमतीत डबा घेतला. दुसऱ्या दिवशी सोनपेठकडच्या एका माणसाला पुऱ्या किमतीत विकला. चार दिवसांनी तो डबा परत माझ्या मागच्या दारात.

असं एकदा सुरू झालं ते झालंच. एक डबा तर मी पाच वेळा विकला. हैदराबादच्या कुठल्या पेढीवर एवढं व्याज मिळालं नसतं. गुंतवणूक म्हणतात ती हीच असेल तर मी त्या काळातली मोठी गुंतवणूकदार होते. आणि खरं सांगते, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मागितलं का? मी दिलं का? मी तर फक्त तूप विकलं, असं मी मनाशी म्हणायची. किती सोयीचं असतं बघा, मधल्या माणसाला.

एकदा मात्र पुरती लाज वाटली. पालमकडचा एक म्हातारा ‘द्यायचा’ डबा घेऊन गेला. जाताना त्याच्या मनात आलं, साहेबाला द्यायच्या आधी वाटेतल्या महादेवाला दिव्यापुरतं वाहावं. त्यानं देवळात बसून सुरीनं गाठ कापली आणि तसाच माघारी आला.

“आक्का, ह्येचा दिवा लावला तर महादेव उठून जाईल.”

डबा पेशकारांकडं चार फेऱ्या मारून खवट झाला होता. कुणी उघडलाच नव्हता, म्हणून कुणाला कळलंच नव्हतं. मी त्याला ताजं तूप दिलं, हात जोडले, वर बेरीचा लाडू दिला. त्या दिवसापासून परत आलेला प्रत्येक डबा मी पुन्हा कढवायला लागले. लाच झाली म्हणून काय, माझ्या गाठीखालचं तूप खवट निघालेलं मला चालणार नव्हतं.

पैसा कुठं ठेवावा हे मला तेव्हाही लोक विचारायचे, अजूनही विचारतात. आमच्याकडं एक मास्तर तूप न्यायला यायचे. त्यांनी कुठल्याशा साखर कारखान्याचे कागद विकत घेतले होते. कारखाना अजून उभा राहायचा होता, पण कागद देखणा, वर उसाचं चित्र, खाली लाल शिक्का. “आक्का, दोन वर्षांत दुप्पट. तुम्हीही घ्या.” मी म्हटलं, “मास्तर, मी चित्रातल्या उसाचा रस कसा काढू?” आणि मोठी शहाणी होऊन त्याच पैशात मी एक म्हैस घेतली. म्हैस पंधरा दिवसांत मेली. कारखाना काही उभा राहिला नाही, पण मास्तरांचा कागद निदान भिंतीवर तरी राहिला. तेव्हा म्हशीत गुंतवा असं मी कुणाला सांगणार नाही. रुपयाचंही काही खरं नाही. आमच्याकडं निजामाचा हाली रुपया, रेल्वेनं पलीकडं इंग्रजांच्या मुलखात गेलं की त्यांचा कलदार, आणि बदलून घेताना मधेच चार आणे कुठं जायचे ते देवाला माहीत.

माझा विश्वास फक्त गवतावर. आमचं नदीच्या अंगाला चार एकर गवताचं रान होतं. कापलं की वाढतं, जनावर मेलं तरी ते मरत नाही, चोर गाडीभर गवत रात्रीतून पळवत नाही. त्या रानात पलीकडच्या वाडीतली सोनाबाई आपल्या म्हशी चारायची आणि बदल्यात मला लोणी द्यायची. कागद नाही, करार नाही. सोनाबाईचं लोणी म्हणजे सोनंच. तिची जीभ मात्र करवतीसारखी. ती आली की दुकानातल्या माणसांची करमणूक व्हायची.

दुसरी मोठी लढाई चालू होती त्या काळात माझे यजमान गेले. तेरावं झालं आणि धाकटे दीर, शिवलिंगअप्पा, सोनपेठहून आले. त्यांचं तिथं किराण्याचं दुकान. भाऊ-भाऊ आधीच वेगळे झाले होते, वाटण्या झाल्या होत्या. तरी ते म्हणाले, “वैनी, बाईमाणसाला रान कशाला? आमी सांभाळतो की. तुमाला वरसाला काय लागंल ते देऊ.”

“भाऊजी, मला लागतंय ते गवतच.”

आठ दिवसांनी कळलं, त्यांनी रान आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज टाकलाय. रान स्टेशनाच्या वाटेवर, पुढं किंमत वाढेल, असा त्यांचा व्यापारी हिशेब. मेलेल्या माणसाची जमीन वारसाच्या नावावर चढवायची तर त्याला तेव्हा विरासत म्हणायचे, आणि विरासतीचा हुकूम तहसीलदारांचा. मीही अर्ज टाकला. रान गेलं असतं तर सोनाबाईच्या म्हशी गेल्या असत्या, लोणी गेलं असतं आणि चुलीवरचं पातेलंही उतरलं असतं. माझ्या पोटाला दुसरं काही नव्हतं.

महिना गेला, दोन गेले. दिगंबररावांना विचारलं की ते म्हणायचे, “आक्का, तुमचा कागद म्हंजे घरचाच. बघतो की. जरा वजनदार हाय, उचलायला वेळ लागायलाय.”

मला का कळत नव्हतं? मी इतकी वर्षं दुसऱ्यांना डबे भरून दिले, आता माझी पाळी आली. आणि बघा माझा वेडेपणा! लाच द्यायला निघाले तरी तीनदा चव बघितली, रवाळ तूप निवडलं, विड्याचं पान ताजं आणून टाकलं. नेहमीची गाठ मारली. मथुराबाईंच्या हातात डबा दिला. त्या म्हणाल्या, “अगंबाई, तुम्ही कशाला?” आणि आत घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी मथुराबाई मागच्या दारात. या वेळी मोलकरणीच्या डोक्यावर एक आणि कडेवर एक, असे दोन डबे.

“आक्का, घेता का?”

पहिला डबा माझाच. मीच दिलेला. स्वतःच दिलेली लाच आता मला पैसे मोजून विकत घ्यायची होती! पण दुसरा डबा बघितला आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. त्याच्या झाकणाला पांढरं फडकं नव्हतं, हिरवं होतं. आठवड्यापूर्वी फडकी संपली होती म्हणून माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा मी एकाच डब्याला बांधला होता. तो डबा ‘लग्नाच्या पंगतीला पायजे’ म्हणून एक गाडीवान घेऊन गेला होता. गाडीवान सोनपेठचा.

“माई, हा कुणी दिला?”

“मला काय ठाऊक? कुणी सोनपेठचे वाणी आले होते. तुमच्यासारखेच अंगाला भस्म लावणारे.”

म्हणजे दिरानं माझ्या विरुद्ध द्यायला माझंच तूप नेलं होतं. आणि दिगंबररावांच्या घरात माझा डबा आणि त्यांचा डबा शेजारी शेजारी बसले होते, एक न्याय इकडचा, एक तिकडचा, दोन्ही पाच पाच शेर. कागद उचलायचा कसा?

दोन्ही डबे घेतले आणि सोनाबाईला सगळं सांगितलं. ती लोण्याचं मडकं ठेवून फतकल मारून बसली.

“त्यो गाडीवान परत येणार बघ. दिराला कळंल की डब्यानं काम होईना, मंग दोन डबे न्हेणार. घाल त्येच्यात करडीचं तेल. न्हाईतर एरंडेलच घाल! पेशकाराच्या घरात सगळे परसाकडं पळाले की दिराचा कागद बी तिकडंच जाईल.”

“आगं, पण गाठ माझी असंल ना.”

“तुझ्या गाठीला काय चाटायचंय, रान चाललंय की!”

ती बोलली ते खोटं नव्हतं. दोन दिवस मी त्याचाच विचार करत होते. करडीचं तेल आणूनही ठेवलं होतं, हे आज पहिल्यांदाच लिहिते. पातेल्यापाशी बाटली घेऊन बसले आणि वाटलं, या घडीला मी हे ओतलं तर रान राहील की जाईल ते सांगता येत नाही, पण तूपवाली तर नक्की जाईल. बाटली भाकरीच्या पिठाशेजारी ठेवून दिली. पुढं महिनाभर भाजीला फोडणी करडीच्या तेलाचीच.

गाडीवान आलाच. “आक्का, दोन डबे द्या. लय चांगलं पायजे.”

“कितवं लग्न हाय रे बाबा? तुझ्या मालकाला सांग, डबे न्यायला स्वतः या म्हणावं. वैनीच्या हातचा चहा बी मिळंल.”

बाजाराच्या दिवशी शिवलिंगअप्पा आले. ओट्याच्या कडेला टेकले, पण नजर वर करेनात. मी चहा दिला आणि दोन्ही डबे त्यांच्यापुढं ठेवले.

“भाऊजी, हा हिरव्या फडक्याचा तुमचा. हा पांढऱ्याचा माझा. दोन्ही पेशकारांच्या घरून न उघडता माझ्याकडंच आले. मी पाऊण किमतीत घेतले.”

ते डब्यांकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. मग परत डब्यांकडं. किराण्याचा माणूस, हिशेब डोक्यात पळायला वेळ लागतो होय!

“थांबा वैनी. म्हंजी मी तुमाला हरवायला तूप न्हेतो, त्येचे पुरे पैशे तुमालाच देतो?”

“व्हय.”

“आन् तेच तूप तुमी पाऊण किमतीत परत घेता?”

“व्हय. आन् परत तुमालाच विकते. आज दोन डबे न्हेणार होता ना?”

“आयला! म्हंजी वैनी, खटला जितका लांबंल तितका तुमचाच फायदा की!”

चहाची बशी खाली ठेवून शिवलिंगअप्पा असे हसले की रस्त्यावरची माणसं थांबली. भावाचं रान हडपायला त्यांचं मन धजावलं होतं, पण तोट्याचा धंदा करायला धजावेना. मी म्हटलं, “भाऊजी, आता हसताच आहात तर ऐका. रान माझ्या नावावर राहू द्या. तुमच्या बैलांना दरसाल चार गाड्या गवत माझ्याकडून.” त्यांनी थोडी घासाघीस केली, सहा गाड्या मागितल्या, पाचावर ठरलं. व्यापाऱ्याला घासाघीस करू दिली नाही तर त्याला आपण हरलो असं वाटतं.

पण आम्ही दोघं एकत्र दिगंबररावांकडं गेलो, तर त्यांचा चेहरा पडला. “दोघंबी राजी? मंग तर अवघड हाय. नव्यानं सगळं लिहावं लागंल. वजन वाढलं.” भांडलो तरी डबा, मिटवलं तरी डबा! मग आम्ही सरळ तहसीलदार साहेबांपुढं गेलो. साहेब हैदराबादचे, नवीन आलेले, पांढरी शेरवानी, बोलणं हळू. आठवड्यातून एक दिवस ते कुणालाही भेटायचे, पण त्या दिवशीही दारात पेशकारच उभे असल्यामुळं कुणी फारसं जायचं नाही. शिवलिंगअप्पांनी सांगितलं, माझी काही तक्रार नाही, रान वैनीच्या नावावर करा. साहेबांनी लिहून घेतलं, अंगठे मागितले. मी अंगठा न देता सही केली, तेव्हा त्यांनी मान वर करून बघितलं.

“बीबी, यहाँ किसी ने तुमसे कुछ माँगा?”

दिगंबरराव बाजूलाच उभे होते, कानाला लेखणी लावून. हुकमावर सही अजून व्हायची होती. माझ्या डोळ्यांपुढं रान आलं, दुकान आलं, फळीवरचे डबे आले.

“नहीं साहेब,” मी म्हटलं.

सही झाली. रान माझं झालं. बाहेर आल्यावर शिवलिंगअप्पा म्हणाले, “वैनी, बरं झालं न्हाई म्हणलाव.” पण मला काही बरं वाटेना. खोटं बोलायची मला सवय नाही असं नाही, दुकानदार होते मी. पण एवढ्या भल्या माणसानं एवढं सरळ विचारलं होतं.

मग मी एक केलं. मथुराबाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा म्हटलं, “माई, आता वापस घेत न्हाई मी.”

“का हो? काही बोललं का कुणी?”

“कुणी न्हाई बोललं. तूप चांगलं हाय, घरीच खा.”

वाटलं, मी आपल्या वाटणीचं पाप सोडलं. झालं काय ते ऐका. पेशकारांच्या माजघरात डबे साचले. मुंग्या झाल्या, उंदीर झाले. पित्ताचा माणूस, त्याला वासानंही मळमळायला लागलं. महिन्याभरात दिगंबररावांनी लोकांना सांगून टाकलं, “तूप नको, रोखच आणा.” म्हणजे गंगाखेडात रोखीची लाच मी आणली! आणि रोखीला ना मुंग्या लागतात ना उंदीर, त्यामुळं ती किती घ्यावी याला धरबंधच उरला नाही. सुधारणा करणाऱ्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, करा, पण दाराबाहेर उभं राहून आत काय होतंय तेही बघा.

हे मला कळलं ते सोनाबाईकडून. ती एका सकाळी लोणी न घेता आली. वाडीकडचं तिचं स्वतःचं जे शेत, त्यातलं निम्मं रान पुरात नदीनं कापून नेलं होतं. रान नदीत गेलं तरी त्याचा सारा कागदावर तसाच होता. तो कमी करायचा अर्ज तिनं दिला होता.

“पेशकार रोख मागायलाय. म्हैस इकायला काढलीया. गिऱ्हाईक बघ एखांदं.”

“कुठली म्हैस?”

“मोठी. दुसरी कोण घेणार हाय?”

आणि ती, जिची जीभ कधी थांबत नव्हती, ती नुसता पदराचा काठ पिळत राहिली. पूर्वीची वेळ असती तर तिनं घरच्या लोण्याचं तूप नेऊन दिलं असतं आणि मोकळी झाली असती. रोखीचा रस्ता तर मीच घालून दिला होता.

मी चूल विझवली. “चल,” म्हटलं.

“कुठं?”

“कचेरीत. आज साहेब भेटतात.”

दारात दिगंबरराव होते. “आक्का, आज काय काम?” मी त्यांना नमस्कार केला आणि आत गेले. या वेळी साहेबांनी काही विचारलं नव्हतं. मीच बोलायला सुरुवात केली. दख्खनी मला येते तशी, मोडकीतोडकी. सोनाबाईचं सांगितलं. डब्यांचं सांगितलं. कुठून जायचे, कुठून यायचे, मी किती घेतलं, किती विकलं, काही ठेवलं नाही.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, “तुमने भी दिया था?”

“दिया था साहेब. एक डब्बा.”

“उस दिन पूछा था मैंने. क्यों नहीं बोली?”

“उस दिन मेरे रान का सवाल था साहेब.”

“और आज?”

“आज इसकी म्हैस का.”

त्यांनी घंटी वाजवली आणि माझ्या विरासतीची मिसल, म्हणजे सगळ्या कागदांचं बाड, मागवली. ती मिसल दिगंबररावांनाच घेऊन यावी लागली. साहेब एकेक पान उलटत होते, आणि मला वाटत होतं, आता हा हुकूम फाटला. माझ्या हातानं दिलं होतं, माझ्या तोंडानं कबूल केलं होतं. कुणाला दोष देणार? सोनाबाईनं मागून माझं मनगट घट्ट धरलं होतं.

“देवर राजी है,” साहेब शेवटी म्हणाले. “तुम्हारे डब्बे से कुछ नहीं हुआ. हुक्म कायम. लेकिन बीबी, देना भी उतना ही बड़ा गुनाह है. फिर सुना तो दुकान बंद.”

सोनाबाईचं नदीनं नेलेलं रान बघायला जमिनीची पाहणी करणारा गिरदावर त्याच आठवड्यात गेला आणि सारा कमी झाला. दिगंबररावांची बदली झाली. पुढं कळलं, बदली बढतीवर झाली. सगळं कसं सरळ झालं असं लिहायची माझीही इच्छा होती, पण झालं ते असं. माझ्या दुकानातलं ‘द्यायचं’ गिऱ्हाईक रोखीमुळं आधीच आटलं होतं, ते आता जवळजवळ संपलं. निम्मा धंदा बसला. खाणारे राहिले, ते घासाघीस करायचे, हात पुढं करून तूप चोळून बघायचे आणि वर बेरी मागायचे. त्यांच्याच जिवावर मी पुढं पंचवीस वर्षं दुकान चालवलं.

त्या दिवशी आम्ही कचेरीच्या पायऱ्या उतरलो. सोनाबाई अजून मनगट सोडत नव्हती.

“आक्का, तुझं रान गेलं असतं तर?”

“गेलं असतं. पण तुझी म्हैस तर ऱ्हायली असती.”

ती जागेवरच थांबली. माझं मनगट सोडलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि भर कचेरीपुढं ओरडली,

“आन् तिला चारली कुठं असती, तुझ्या चुलीत?”